अपेक्षित उत्तराचा रकाना

परवा सकाळच्या एसटीतून आमच्या गावात दोन मुली उतरल्या. काखेत जाड कागदांच्या गुंडाळ्या, खांद्याला शबनम, आणि चेहऱ्यावर अशी काळजी की जणू कुणाच्या आजारपणालाच आल्यात. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणाकडं जायाचं, पावणं?"

"शाळेत. पाठ घ्यायला आलोय."

"मग हुबं का? शाळा काय चालत येणार हाय व्हय तुमच्याकडं?"

मुली ओशाळून हसल्या. मी सायकल हातात धरून मागंच उभा होतो. वाऱ्यानं एकीच्या गुंडाळीचं टोक उलगडलं आणि मला वास आला. खळीचा. गव्हाचं पीठ शिजवून केलेली ती पातळ चिकट खळ, तिच्यावर डकवलेली चित्रं आणि रंगीत खडूची भुकटी. दहा वर्षं झाली, पण त्या वासासरशी आज आपलाच पाठ आहे असं वाटलं. मी आता मास्तर आहे, पाठ त्यांचा आहे, असं मनाला समजावून सांगावं लागलं.

फेब्रुवारी संपत आला की आमच्या भागात हवा बदलते. सकाळी अंगावर घेतलेलं दुपारी नकोसं होतं. गुऱ्हाळांचा शेवटचा हंगाम असतो, उसाच्या गाड्यांमागं पोरं पळत असतात, आंब्याचा मोहोर उन्हानं तापून उग्र वास सोडतो. कुणाला हे दिवस गुळाचे वाटतात, कुणाला जत्रांचे. मला ते पाठांचे वाटतात. ज्यानं मास्तरकीचं शिक्षण घेतलंय त्यालाच हे कळेल. बाकीच्यांच्या नजरेला ते कागदांच्या गुंडाळ्या घेऊन हिंडणारे लोक पडतही नसतील.

त्या वर्षी कोल्हापुरात मात्र मला जिकडंतिकडं तेच दिसत होते. सायकलच्या दांडीला तक्ता बांधलेला मुलगा, रिक्षात गुंडाळफळा मांडीवर आडवा धरून बसलेली बाई, रंकाळ्याच्या कठड्यावर बसून पुठ्ठ्याची घड्याळं कापणाऱ्या दोघीतिघी. अध्यापक विद्यालयाचं आमचं ते दुसरं, शेवटचं वर्ष. वर्षभराचे सराव पाठ संपवून मार्चच्या तोंडावर एक वार्षिक पाठ असायचा. बाहेरगावचे परीक्षक यायचे, वर्गात मागं बसायचे आणि पस्तीस मिनिटांत तुम्ही मास्तर होणार की नाही ते ठरवायचे. निदान मला तरी तसं वाटायचं. नापास झालो तर अख्खं वर्ष पुन्हा, आणि आमच्या घरात पुन्हा म्हणायची सोय नव्हती. मी कोडोलीच्या मणेरांचा. अब्बा सायकलला पेटी बांधून बाजार करायचे, अम्मा घरच्या सोप्यात बसून बायकांना बांगड्या भरायची. कॉलेज नावाच्या इमारतीत पाऊल टाकणारा घरातला पहिला मी. पायरी चढताना चप्पल काढायची की नाही, हेही पहिल्या दिवशी दुसऱ्यांकडं बघून ठरवलं होतं.

पाठाच्या आधी पाठ टाचण काढावं लागे. वहीच्या पानावर उभे रकाने. डावीकडं आपण काय विचारणार, उजवीकडं मुलं काय उत्तर देणार. त्या उजव्या रकान्याचं नाव होतं 'अपेक्षित उत्तर'. मला त्या रकान्याचं फार नवल वाटायचं. अजून ज्या पोराचं तोंडही पाहिलेलं नाही, ते काय बोलणार हे आदल्या दिवशी लिहून ठेवायचं! पण छापील पुस्तकात असंच होतं, आमच्या सरांनी असंच सांगितलं होतं. आणि जे छापलंय ते खरं, हे आमच्यासारख्या घरातून आलेल्याला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. मी सुंदर अक्षरात तो रकाना भरायचो. माझ्या टाचणातली मुलं कधीच चुकत नसत.

खोलीत माझ्याबरोबर हुपरीचा तुकाराम होता. त्याच्या घरी पैंजणं करायचे. तो म्हणायचा, "माझं घर बायकांच्या पायाशी आणि तुझं हाताशी. तवा तुझं जरा वरचंच म्हणायचं, मर्दा." तो पाठाला जाताना कसला ताण घेत नसे. मी मात्र आरशासमोर उभा राहून प्रश्न विचारायचो आणि उत्तरंही मीच द्यायचो. तुकाराम अंथरुणातून ओरडायचा, "शाबास! हुशार पोरगं हाय!"

पहाटे आम्हाला गिरणीचा भोंगा उठवायचा. लांबलचक, घोगरा. तो झाला की आमच्या गल्लीत एकामागून एक चुली पेटायच्या, बादल्या वाजायच्या, सायकलींच्या घंट्या सुरू व्हायच्या. मी गावाकडून आलो तेव्हा पहिले आठ दिवस दचकून उठलो. नंतर त्या भोंग्याआधीच डोळे उघडायचे आणि तो कधी होतोय याची वाट बघत मी पडून राहायचो.

आणि तरीही मी ती चूक केली.

आमची सराव शाळा गिरणीच्या मागच्या अंगाला होती. दुसरीचा वर्ग, वर्गशिक्षिका पोवारबाई. सराव शाळेतली पोरं म्हणजे वेगळंच प्रकरण. दरसाल आमच्यासारखे पन्नासभर शिकाऊ मास्तर त्यांच्यावर हात साफ करून गेलेले. पहिल्या पाठाला मी घामाघूम होऊन तक्ता कुठं लावावा बघत होतो, तर पुढच्या बाकावरून आवाज आला, "गुरुजी, तकडं खिळा हाय." दुसरा म्हणाला, "त्यो न्हाई, त्यो ढिला हाय. मागल्या बाईंचा तक्ता पडलाता." तिसऱ्यानं अगदी आपुलकीनं विचारलं, "तुमचा कितवा पाठ, गुरुजी?"

"पहिला."

"मग भिऊ नगा."

पोवारबाई दारात तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पाठ पक्ष्यांचा होता. सुरुवात कोंबड्यानं करायची असं मी ठरवलं होतं. टाचणात प्रश्न होता, 'सकाळी आपल्याला कोण जागं करतं?' अपेक्षित उत्तर, 'कोंबडा.' मग मी कोंबड्याचं चित्र वर करणार, मुलं खूश होणार आणि पाठ सुरू होणार. मी प्रश्न विचारला. दुसऱ्या ओळीत खिडकीशी बसलेल्या एका मुलीनं हात वर केला. दोन घट्ट वेण्या, तांबड्या रिबिनी, पुढचा एक दात पडलेला. मी तिला उठवलं.

"भोंगा," ती म्हणाली.

वर्ग हसला नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं असावं. पण मागच्या बाकावर आमचे निरीक्षक सर बसले होते आणि त्यांनी तेवढ्यात वहीत काहीतरी लिहिलं. माझ्या हातात कोंबडा होता. पाठीमागं लपवलेला, अर्धा बाहेर आलेला. मी म्हणालो, "चूक. बस खाली."

दुसऱ्या एका पोरानं माझ्या पाठीमागून डोकावणारा तांबडा तुरा बघितला आणि म्हणाला, "कोंबडा." मी म्हणालो, "शाबास." पाठ पुढं गेला. सरांनी शेरा दिला, प्रस्तावना चांगली.

दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा झाला. मी अंथरुणात तसाच पडून राहिलो. गल्लीत बादली वाजली. मला स्वतःला रोज कोण जागं करतं? त्या मुलीनं मला खरं तेच सांगितलं होतं, आणि मी तिला चूक म्हणून खाली बसवलं होतं. तुकारामाला सांगितलं तर तो म्हणाला, "हात्तिच्या! पोरं इसरत्यात रं. दुपारी डबा खाल्ला की गेलं डोक्यातनं."

पण शालन विसरली नाही. त्या मुलीचं नाव शालन. त्यानंतर माझे त्या वर्गावर नऊ-दहा पाठ झाले असतील. तिनं एकदाही हात वर केला नाही. दुसऱ्या कुणाच्या पाठाला मी मागं बसून पाहायचो, तेव्हा तिचा हात सगळ्यांच्या आधी वर. जागेवरून अर्धी उठून, "गुरुजी, मी सांगू? मी सांगू?" माझ्या पाठाला मात्र ती हाताची घडी घालून, ओठ मिटून बसायची. नजर माझ्यावरच. रुसवा नव्हता त्या नजरेत, हे मला आज कळतं. तेव्हा रुसवाच वाटला.

मी काय काय केलं! तिला फळा पुसायला बोलावलं. ती आली, फळा पुसला आणि जागेवर गेली. तिच्या पाटीवर खडूनं फूल काढून दिलं. तिनं ते पुसलं नाही, पण बोललीही नाही. एकदा दुपारी गिरणीच्या फाटकाशी दिसली. वडिलांचा डबा घेऊन उभी होती. मी सायकलवरून उतरलो. सात वर्षांच्या मुलीची माफी कशी मागतात हे आमच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात नव्हतं. म्हणालो, "शालन, मीपण भोंग्यानंच उठतो."

तिनं माझ्याकडं बघितलं, डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाली, "तुमास्नी घड्याळ न्हाई?"

एवढंच. पण ते फाटकाशी. वर्गात पुन्हा मुकी ती मुकीच.

पोवारबाईंना मी एकदा विचारलं. त्या वह्या तपासत होत्या. म्हणाल्या, "मणेर, तुम्ही तिच्याकडं फार बघता. पोरांकडं असं बघितलं की ती जास्त मिटतात. पाठावर लक्ष ठेवा." मग थोड्या वेळानं, वहीतून डोकं वर न काढता, "पण बघता ते चांगलं आहे."

वार्षिक पाठाला मला गणित मिळालं. दशक आणि एकक. दहा सुट्या वस्तूंचा एक गठ्ठा म्हणजे एक दशक, हे मुलांच्या हाताला कळलं पाहिजे. सगळे काडेपेटीच्या काड्या आणायचे, नाहीतर चिंचोके. पोवारबाई म्हणाल्या, "काड्या बघून पोरं कंटाळलीत. तुमच्या घरी काय असतं?"

माझ्या घरी काय असतं हे मी कॉलेजात कुणाला आपणहून सांगत नसे. शाळेत असताना पोरांशी भांडण झालं की शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं. भरा आता बांगड्या. माझ्या बाबतीत ते जास्तच लागायचं, कारण भरणारी माझीच आई असायची.

"बांगड्या," मी म्हणालो.

"मग आणा की. काचेची वस्तू म्हटली की पोरं जपून हाताळतात. आणि मोजतात."

तुकारामानं ऐकलं आणि उठून बसला. "बांगड्या भरून पाठ घेणार व्हय, मर्दा? परीक्षक हळदीकुंकवाला आल्यात असं वाटंल त्यास्नी!" मग माझं तोंड बघून म्हणाला, "न्हाई, आयड्या बेस हाय. खरंच बेस हाय."

शनिवारी मी गावी गेलो. रविवारी सकाळी सोप्यात नेहमीचा थाट होता. अम्मा जमखान्यावर बसलेली, समोर पेट्या उघडलेल्या, कुणाचं तरी लग्न होतं म्हणून चारपाच बायका भोवती. अम्माचं काम मी लहानपणापासून बघत आलोय. बाईचा हात हातात घेतला की अम्मा आधी काहीच करत नाही. नुसता धरते. गप्पा मारते. अंगठ्याखालचा मांसल भाग हळूच दाबत राहते. हात सैल पडला की कळायच्या आत बांगडी मनगटावर गेलेली असते. घाबरलेल्या हातात बांगडी जात नाही, जबरदस्ती केली तर ती वाढते, असं ती म्हणायची. बांगडी फुटली असं आमच्या घरात कधी म्हणत नाहीत. पोराला शिकवणं म्हणजे असंच काही असावं, असं मला पुढं कधीतरी वाटलं. पण हे मी कुठं लिहिलेलं वाचलेलं नाही, चुकतही असेन.

मी म्हणालो, "अम्मा, पाठासाठी बांगड्या पाहिजेत. बारक्या मापाच्या. पाच जुड्या बांधून दे, दहा-दहाच्या. आणि तीन सुट्या."

"क्या करता रे बांगड्या घेऊन?" ती म्हणाली. आमच्या घरात दखनी आणि मराठी अशीच एकमेकांच्या पायात पाय अडकवून चालतात.

"पोरांना मोजायला शिकवायचंय."

बायकांतली एक म्हणाली, "आत्ती, पोरगा मास्तर झाला तरी धंदा सोडत न्हाई बगा तुमचा!" सगळ्या हसल्या. अम्माही हसली, पण माझ्याकडं बघून तिनं मान जरा ताठ केली. मग एका हातानं कुणाचं तरी मनगट धरून, दुसऱ्या हातानं ती माझ्या जुड्या करू लागली. हिरव्या, तांबड्या, पिवळ्या, जांभळ्या आणि मोरपंखी. बांगड्या बोटांत गोळा व्हायच्या, बोटं भरली की थांबायची, दोरा दोनदा फिरायचा, गाठ. ती खाली बघतही नव्हती. मी शेजारी बसून 'दशक' या शब्दाचा तक्ता रंगवत होतो.

जुड्या मी मोजल्या नाहीत. हे कुणाला विचित्र वाटेल. गणिताचा पाठ, परीक्षेचा, आणि साहित्य मोजलं नाही! पण अम्माची जुडी कुणीच मोजत नसे. लग्नाच्या घरचे लोक जुड्याच्या जुड्या घेऊन जायचे, कुणी दोरा सोडून बघायचं नाही. मोजणं म्हणजे तिच्या तोंडावर संशय घेणं. मी तर तिचा मुलगा. मी फक्त एखादी तडकलीय का ते उजेडात धरून बघितलं, तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात जुड्या गुंडाळल्या आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. एसटीत डबा मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला किणकिण. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "काय मास्तर, सासुरवाडीला व्हय?"

पाठ मंगळवारी दुसऱ्या तासाला होता. परीक्षक वयस्क होते, पांढरा सदरा, वर काळा कोट. मागच्या बाकावर गुडघे कसेबसे मावत होते त्यांचे. पोवारबाई दाराशी. पोरं हाताची घडी घालून इतकी शहाणी बसलेली की मलाच भीती वाटली. मी तक्ता न ढळणाऱ्या खिळ्याला लावला.

डबा उघडल्यावर वर्गातून एक 'आ' निघाला. उन्हाची तिरीप खिडकीतून येत होती आणि ती बरोबर बांगड्यांवर पडली. मी एक जुडी वर धरून विचारलं, "ही एक जुडी. एका जुडीत किती बांगड्या?"

टाचणात अपेक्षित उत्तर होतं, दहा. अख्खा वर्ग ओरडला, "दहा!"

कुणीही मोजलं नव्हतं. सराव शाळेची पोरं ती. काडेपेटीच्या काड्या असोत की चिंचोके, अशा वेळी उत्तर दहाच असतं हे त्यांना ठाऊक होतं. मी शाबास म्हणालो. पाच जुड्या पाच ओळींत फिरवायला दिल्या, तीन सुट्या टेबलावर ठेवल्या. फळ्यावर लिहिलं, पाच दशक, तीन एकक. खाली मोठ्या अक्षरात ५३. परीक्षकांनी मान हलवली. मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

आणि तेव्हा मला शालन दिसली. हिरवी जुडी तिच्या मांडीवर होती. ती वाकून एकेका बांगडीवर बोट टेकवत होती, ओठ हलत होते. शेवटच्या बांगडीवर बोट थांबलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग तिचा हात वर आला. खांद्याच्या वर, कानापर्यंत. इतक्या पाठांत पहिल्यांदा. मी बघतोय तोवर तिनं मान वळवून मागच्या बाकाकडं बघितलं, काळ्या कोटाकडं, आणि हात हळूच खाली घेतला. जुडी मांडीवर झाकून ठेवल्यासारखी धरली.

मला पुढं जाता आलं असतं. पुढचा प्रश्न टाचणात तयार होता. परीक्षकांनी काही पाहिलं नव्हतं. घड्याळात बारा मिनिटं उरली होती.

"शालन, सांग."

ती उभी राहिली. "काय न्हाई, गुरुजी."

"हात वर केला होतास ना? सांग की."

"नगं."

"का गं?"

तिनं पुन्हा एकदा मागं बघितलं. मग आपल्याला वाटतं कुजबुजतोय, पण अख्ख्या वर्गाला ऐकू जातं, अशा लहान पोरांच्या आवाजात ती म्हणाली, "तुमचा पाठ बिघडंल."

म्हणजे इतके दिवस ती रुसली नव्हती. त्या पहिल्या दिवशी तिच्या उत्तरानंतर मागच्या सरांनी वहीत काहीतरी लिहिलेलं तिनंही पाहिलं होतं. आपल्यामुळं या भित्र्या गुरुजींचा पाठ बिघडला, असं तिनं मनाशी धरलं होतं. आणि तेव्हापासून ही दात पडलेली मुलगी तोंड मिटून मला सांभाळत होती.

"बिघडू दे," मी म्हणालो. "तू सांग."

"ह्यात बारा हायत."

वर्गात चुळबूळ झाली. मागच्या ओळीतून एक आवाज, "गप गं, दहा असत्यात!" मी शालनच्या बाकापाशी गेलो. आम्ही दोघांनी मिळून मोजल्या. अकरा. बारा. त्याच क्षणी मला अम्माची बोटं दिसली, भरली की थांबणारी. बांगड्या डझनानं जातात. तीस वर्षं ती बोटं बारावर थांबत आली होती, माझ्या एका सांगण्यानं ती दहावर कशी थांबणार?

"शालनचं बरोबर आहे," मी वर्गाला म्हणालो. "चूक माझी आहे. मी न मोजता सांगितलं. तुम्हीपण न मोजता सांगितलं. आता सगळ्यांनी मोजा."

मग जो गलका झाला! पाचही ओळींतून बारा, बारा, बारा. टाचणातला उजवा रकाना त्या गलक्यात पार बुडून गेला. आता काय करायचं मला माहीत नव्हतं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी खरंच पोरांना विचारलं, "आता काय करायचं?"

शालन म्हणाली, "दोन दोन काडू?"

"काढ."

ती एकेका ओळीत गेली. प्रत्येक जुडीची गाठ सोडायची, दोन बांगड्या काढायच्या, जुडी पुन्हा बांधायला त्याच ओळीतल्या पोराला द्यायची. काढलेल्या बांगड्या तिनं आपल्या मनगटात घातल्या. पाचवी ओळ झाल्यावर टेबलापाशी येऊन त्या उतरवल्या, मोजल्या, आणि डोळे मोठे करून माझ्याकडं बघितलं.

"गुरुजी, हितं आणि एक दशक झालं की!"

दोरा नव्हता. तिनं वेणीची रिबीन ओढली आणि त्या दहा रंगीबेरंगी बांगड्या बांधून टेबलावर ठेवल्या. मी खडू तिच्या हातात दिला. तिनं टाचा उंचावून ५ पुसला, ६ लिहिला. ६३. सहा जुड्या आणि तीन सुट्या. पोरं न सांगता टाळ्या वाजवायला लागली. घंटा झाली.

परीक्षक उठून टेबलाशी आले. रिबिनीतली जुडी उचलून बघितली. "या कुणी बांधल्या होत्या?"

"माझ्या आईनं, सर. बांगड्या भरते ती."

"हं," ते म्हणाले. टाचणाच्या वहीत खाली सही केली. गुण बेताचेच पडले. नियोजनात त्रुटी, हा शेरा बरोबरच होता. पण पास झालो.

वर्ग सुटल्यावर मी शालनला रिबीन परत द्यायला गेलो. एका वेणीचे केस सुटून तिच्या गालावर आले होते. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. जुडी सुटंल."

पुढच्या रविवारी मी अम्माला सगळं सांगितलं. ती आधी कपाळाला हात लावून बसली. "या अल्ला, पोराची परीक्षा!" मग म्हणाली, "पर दस्तू बेटा, दोन जास्तीच गेल्या न्हवं? कमी तर न्हाई ना दिल्या कुणाला?"

"नाही, अम्मा. कमी नाही."

"मग बरं," ती म्हणाली आणि समोरच्या बाईचा हात हातात घेतला.

शालन आता सतरा वर्षांची असेल. गिरणीच्या मागच्या त्या गल्लीत असेल, नाहीतर लग्न होऊन कुठं गेली असेल. मी आता बाहेरून बी.ए.ला बसलोय. परीक्षेत बरोबर उत्तर काय अपेक्षित असतं याची पुस्तकं रोज वाचतो. शाळेतल्या कपाटात, हजेरीपटांच्या मागं, बिस्किटांचा तो डबा अजून आहे. दरवर्षी दुसरीला दशक आलं की तो निघतो. काही बांगड्या वाढल्या, त्यांच्या जागी अम्मानं नव्या दिल्या. रिबीन मात्र तीच आहे. तिचा तांबडा रंग आता विटकरी झालाय.

काल शाळा सुटल्यावर त्या दोन मुलींतली एक टाचणाची वही घेऊन माझ्यापुढं आली. उद्या तिचा पाठ आहे, माझ्याच वर्गावर. अक्षर माझ्यापेक्षाही सुंदर. उजवा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला. सही करायला मी पेन उघडलं, तेवढ्यात तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, मुलं अशीच उत्तरं देतील ना?"

मला खूप काही सांगायचं होतं. पण मी काही मोठा माणूस नव्हे आणि तिची नजर माझ्या पेनावरून हलत नव्हती. मी सही केली. वही परत देताना एवढंच म्हणालो, "एखाद्या पोराचा हात वर येऊन परत खाली गेला, तर तेवढं त्याच्याकडं बघा."

तिनं मान हलवली, बाकावर बसली, आणि मी सांगितलेलं वाक्य विसरू नये म्हणून घाईघाईनं वहीत उतरवून घेतलं. पानावर दुसरीकडं कुठं जागा नव्हती. तिनं ते अपेक्षित उत्तराच्या रकान्यात, अगदी तळाशी, बारीक अक्षरात लिहिलं.